डेटा चुकला नव्हता

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. विहिरींच्या पाणीपातळीचा प्रोग्राम आज अडला. टीम लीड कुलकर्णी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सलमा, तुझा डेटाच चुकलाय." चुकला कुठं? मी प्रत्येक गावाची पूर्णांकांची यादी दिली होती. त्यांच्या फंक्शनला, म्हणजे हिशोब करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, याद्या हव्यात 'कोणत्याही संख्यां'च्या. पूर्णांक ही संख्याच, पण आमची प्रोग्रामिंगची भाषा त्या दोन प्रकारच्या याद्या एक मानत नाही. मी सांगितलं, तर हसले.

दुपारी त्यांनीच गुपचूप फंक्शनमधली अट सैल केली, पूर्णांकांच्या याद्याही चालतील अशी, आणि मोठ्या साहेबांना म्हणाले, "हिचा डेटा नीट केला."

मला राहवेना. "सर, डेटा जसाच्या तसा आहे. बदललंय तुमचं फंक्शन."

साहेबांनी खुर्ची माझ्या स्क्रीनकडं ओढली.