मानेतली तार

मुंबई, ९ ऑक्टोबर १९५४

प्रिय रेजिन,

तुझ्यावर आणि पोरांवर देवाची दया असो.

आज मी चाललो! डोलकाठी मानेवर पडल्यापासून पहिल्यांदाच. पाय जरा थरथरले, ते पडून राहिल्यामुळे असेल. डॉक्टरांनी तारेनं बांधलेले मोडके मणके पक्के जुळलेत.

तू विचारलंस, "खाऱ्या पान्यात तार गंजनार नाय?" मी डॉक्टरांनाच विचारलं. ते पोट धरून हसले. ही तार गंजत नाही म्हणाले. तेव्हा होडीतली माझी जागा कुणाला देऊ नकोस.

आईचा खोकला थांबला का?

मान मात्र आता मागे वळणार नाही म्हणतात. होडी निघताना मी मान वळवून तुला बघायचो ना? आता अख्खा वळून बघेन.

तुझाच,
बस्त्याव