डावा हात उंच असलेली खुर्ची

बाबा,

१. मी मुक्तहस्त चित्रात एकदा नापास झाले, मग पास झाले.
२. फर्निचर डिझाइनच्या पदवीची शेवटची अट म्हणून स्वतःच्या हातांनी एक खुर्ची बनवली.
३. परीक्षक तिच्यावर बसले, रेलले, हलले. ती कुरकुरली नाही.

पदवी मिळाली, तीही पहिल्या वर्गात. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "खुर्ची बसायला असते. तिची कसली डोंबलाची पदवी?" त्यानंतर आपण बोललो नाही.

परीक्षकांनी पट्टी लावून विचारलं, "खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा उंच आहे. माप चुकलं का गं?"

"माझी मापं चुकत नाहीत, सर. एक माणूस पेपर वाचताना डावीकडे कलूनच बसतो."

"मग त्यालाच बसव की! माझी कंबर कशाला मोडतेस?"

सगळे हसले. तो माणूस कोण, ते मी सांगितलं नाही.

एका दुकानाला ती हवी आहे, पण डावा हात कापून उजव्याइतका करून. त्यांना शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे. हे पत्र टाकेनच असं नाही. टाकलं, तर तुम्ही बसायला येणार का, ते गुरुवारपर्यंत कळवा.

इंजिनिअर न झालेली,
तुमची धाकटी