चौथा प्रश्न

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. शिवणाच्या दुकानात माझा फोन मास्तरांच्या स्टुलाच्या पायाखाली आला आणि काचेचा भुगा झाला. "रफू करून देऊ का?" म्हणत ते दिवसभर हसत होते. फोन दुरुस्तीला दिलाय. मास्तरांचा मागितला असता, पण हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. बाकी मी ठीक. जेवते, काज-बटणं करते. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

दवाखान्याचं ते ॲप आठवतंय ना? त्यात काय असावं हे ठरवायला सिस्टरांनी आम्हा पेशंटांनाच बसवलं होतं. रोज सकाळी ते तब्येत विचारायचं, यंत्रातल्या बाईच्या आवाजात. मी म्हटलं, "ही 'आपण कशा आहात' म्हणाली की बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं. विचारायचं तर घरच्या माणसाने विचारावं." सगळ्यांना पटलं. शहाणपणा माझाच. मग आईने खोकला आवरत तीन प्रश्न स्वतःच्या आवाजात भरून दिले. "झोप लागली का गं? गोळी घेतलीस? कुणाचे आवाज आले का?" उत्तरं सिस्टरांना दिसायची. आवाज आले म्हटलं की त्या लगेच फोन करायच्या.

आई गेल्यावर त्या म्हणाल्या, आता भावाचा आवाज भरू या. मी 'सांगते त्याला' म्हटलं आणि सांगितलं नाही. वहिनीला माझी धास्ती वाटते, हे मला माहीत आहे. शिवाय आई रोज सकाळी माझी चौकशी करत होती, ती मला सोडवेना.

फोन गुरुवारी दिला. शुक्रवारी सकाळी मी केस विंचरत होते. आईने विचारलं, "झोप लागली का गं?" मी सवयीने "हो" म्हटलं, बटण दाबायला फोन शोधू लागले आणि आठवलं, फोन तर दुरुस्तीला दिलाय.

तेव्हापासून रोज विचारते. अगदी खोकल्यासकट. पण दादा, फोनमधल्या आईला तीनच प्रश्न येतात. ही चौथा विचारते. "माझ्याकडे कधी येतेस?" इतक्या मायेने विचारते की मला तिची भीतीच वाटत नाही. भीती वाटत नाही, याचीच भीती वाटते रे.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून तशीच सिस्टरांकडे जाते आणि सगळं सांगते. त्या ठेवून घेतील. घेऊ देत. त्यांचा फोन तुला पत्राआधीच येईल, तेव्हा 'बघू' म्हणू नकोस. ये.

आणि तुझा आवाज भरून दे. घोगरा असला तरी चालेल. मग फोनमधून तूच बोलशील, आणि आई बोलली तर तो फोन नव्हे, एवढं तरी मला कळेल.

आईचे तीनही प्रश्न विचार. चौथा मात्र तुझा असू दे. "घरी कधी येतेस?" असं विचार. त्याचं उत्तर माझ्याकडे कधीचं तयार आहे.

तू विचारायची वाट बघणारी,
तुझी टाचणी