एकसष्टाव्या पानावरची वेल

४ जानेवारी, सकाळी साडेसात
आजपासून रोजनिशी. कारणच तसं आहे. देशाची नवी राज्यघटना हाताने लिहून काढायचं काम मला मिळालं. टाइप केलेला मसुदा समोर ठेवायचा आणि दोनशे बारा पानं जाड कागदावर सुबक अक्षरात उतरवायची. मग त्यावर सगळ्या सदस्यांच्या सह्या. एकदा सह्या झाल्या की हीच प्रत खरी, टाइपचे सगळे मसुदे जमा करून नष्ट. थोडक्यात, देश माझ्या अक्षरात असणार.

संकल्प: पहाटे उठणे. टेबलावर चहा न आणणे. नम्र राहणे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्या खोलीत हीटर आहे का ते आधी विचारा.

९ जानेवारी
हीटर नाही. चहा टेबलावर आणावा लागला.

मसुदा समितीच्या सचिवांना एक सूचना केली. पोटकलमांना आकडे घातले की पान खरूज झाल्यासारखं दिसतं. आकडे काढून टाका, प्रत्येक पोटकलम नव्या ओळीवर आलं म्हणजे झालं. सचिवांनी मान डोलावली. घटनेत माझाही थोडा विचार आहे म्हणायचा.

१४ जानेवारी
तपासनीस म्हणून एक निवृत्त मास्तर दिलाय. मी लिहिलेलं पान हातात घेतो, मसुद्यावर बोट ठेवतो आणि नाकातून एकेक शब्द मोठ्याने वाचतो. एका पानाला पाऊण तास. शिवाय कोपर शाईत. आज स्पष्ट सांगितलं की तीस वर्षांत माझा एक काना चुकलेला नाही, उद्यापासून तुम्ही फक्त सही करा, तपासणी माझी मी करीन. रोज जेवणानंतर, नियमाने.

म्हातारा चष्मा पुसत बसला.

१५ जानेवारी
जेवणानंतर जरा डोळा लागला. उद्यापासून.

२० जानेवारी
गंमत झाली. पान एकसष्ट दोन ओळी आधीच संपलं. मसुद्याच्या दर पानासाठी पेन्सिलीने बावीस ओळी आखतो, अंदाज कधी चुकत नाही. आज खाली दोन ओळींची जागा उरली. बहुधा अक्षर जास्त सफाईदार झाल्यामुळे. तिथे एक छोटी वेल काढली, पाच पानं आणि एक कळी. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे बघून गेले. मास्तर मात्र त्या वेलीकडे बराच वेळ बघत उभा होता. कलेची दृष्टी नसली की असं होतं.

१ मार्च
सह्या झाल्या. मी टिपकागद घेऊन बाजूला उभा. अध्यक्षांनी माझा हात दाबला आणि वेल फार छान म्हणाले. घरी मेहुणा पेढीवरच्या गुमास्त्यासारखा कोट घालून वाट बघत होता. बसडेपोत मेकॅनिक आहे, पण आज माझ्यासाठी अंघोळ केलेली. सगळ्या गल्लीला सांगत सुटला की आमच्या दाजींनी देश लिहिला. मी त्याला गप्प केलं, पण लगेच नाही.

माझ्याकडचा मसुदा परत करायचा होता. आठवण म्हणून ठेवून घेतला. कोण विचारतंय.

१९ मार्च, दुपारी तीन
नातवाला दाखवावं म्हणून कपाटातून मसुदा काढला आणि एकसष्टाव्या पानाचा फोटो शेजारी ठेवला.

लागोपाठ तीन पोटकलमं 'कोणत्याही व्यक्तीला' अशीच सुरू होतात. पहिलं लिहून झाल्यावर मान वर केली असणार आणि डोळा दुसरं सोडून थेट तिसऱ्यावर पडला. गळलेलं असं आहे:

'कोणत्याही व्यक्तीला अटक झाल्यास तिला अटकेचे कारण एका दिवसाच्या आत सांगण्यात येईल.'

अगदी दोन ओळी. तिथे वेल आहे.

उद्या सकाळी दहाला सचिवांकडे. सरळ सांगणार. चूक कबूल करायला छाती लागते, ती माझ्याकडे आहे.

२० मार्च
सचिव मीटिंगमध्ये होते. बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. मीटिंग संपल्यावर ते थकलेले वाटले. थकलेल्या माणसाला काय सांगायचं.

२६ मार्च
शांतपणे विचार केला. आपल्या देशात विनाकारण कोण कोणाला अटक करतंय? आणि केलीच तर कारण सांगतीलच की, माणसंच आहेत. ही ओळ मुळात फालतू होती. टपालाने पत्र पाठवायचं स्वातंत्र्य मात्र मी व्यवस्थित उतरवलंय, ते जास्त उपयोगाचं.

तरी सोमवारी सांगणार.

८ एप्रिल
शाळेची प्रशस्तिपत्रकं लिहायला आली. साठ लिहिली. मुख्याध्यापकांनी एक परत पाठवलं. 'धावण्याच्या शर्यतीत प्रथम क्रमांक' याच्याखाली माझ्याच अक्षरात 'अटकेचे कारण एका दिवसाच्या आत सांगण्यात येईल'. मुख्याध्यापक फार सभ्य आहेत. मुलगी जरा जास्तच जोरात धावली का, एवढंच त्यांनी विचारलं.

मला लिहिल्याचं आठवत नाही. शपथेवर सांगतो, आठवत नाही.

१७ एप्रिल
आज चपलांच्या दुकानाची पाटी. रंगवून झाल्यावर मालक बाहेर आला आणि बघतच राहिला. 'कोणत्याही व्यक्तीला' एवढं झालं होतं. त्याला वाटलं मी काही स्कीम काढलीय. पुसून टाकलं. पण ओल्या रंगाखाली अजून दिसतं. मला तरी दिसतं.

डॉक्टरकडे जावं का? म्हणतील आराम करा. म्हणून मीच आराम करायचं ठरवलं.

५ मे
लेखणी हातात घ्यायची भीती वाटते. खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. दिवसाढवळ्या, खिडकीत ऊन असताना, माझ्या मानेमागे कोणीतरी उभं आहे आणि आपली पाळी कधी येते त्याची वाट बघतंय असं वाटतं. वळून बघितलं तर खुर्ची.

पण दुपारी पत्र आलं. मला पदक. घटनेच्या सुंदर लेखनाबद्दल. आता पदकाआधी सांगणं बरं दिसणार नाही. नंतर सांगितलं तर शब्दाला वजनही येईल.

३० मे
पदक मिळालं. सांगायचं राहिलं, गर्दी होती.

२१ जून
मेहुण्याला उचलला. काल संध्याकाळी डेपोत दोन माणसं आली. हा गाडीखाली झोपून काम करत होता. पाय धरून बाहेर ओढला आणि घेऊन गेले. कुठे, का, काही नाही. डेपोतल्या लोकांनी विचारलं तर म्हणाले, तुम्हालाही यायचंय का.

बायको रडली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, कारण सांगावं लागतं ना हो? मी म्हणालो, हो, एका दिवसात. तोंडातून गेलंच.

ती म्हणाली, मग आज संध्याकाळपर्यंत कळेल.

२२ जून
कळलं नाही.

२४ जून
वकिलाकडे गेलो. वकील म्हणाला, असं काही घटनेत नाही. बायको त्याला म्हणाली, तुम्ही नीट वाचलं नसेल, यांनी स्वतः लिहिलीय. वकिलाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

२७ जून
बायकोने घटनेची छापील प्रत विकत आणली. माझ्याच अक्षराचे फोटो. स्वयंपाकघरात बसून पहिल्या पानापासून वाचतेय, ओळीवर बोट ठेवून. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. मी म्हणालो, राहू दे, तुला कळायचं नाही. ती म्हणाली, तुम्ही म्हणालात आहे, म्हणजे असणारच.

आज चौतीस पानं झाली.

३० जून
एकसष्टावर पोचली. मी दारातून बघत होतो. तिचं बोट खाली सरकत गेलं, वेलीवर थांबलं, आणि तिने पान उलटलं.

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. माझ्यासारखा भित्रा माणूस मी बघितलेला नाही.

९ जुलै
दोनशे बारा झाली. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, माझ्याकडूनच सुटलं असेल. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बस झालं. उद्या जाणार. मसुदा घेऊन. सगळं सांगणार आणि मेहुणा कुठे आहे ते विचारून, कारण लेखी घेऊनच उठणार. काय व्हायचं ते होऊ दे.

१० जुलै, दुपारी दोन
गेलो. या वेळी खरंच गेलो.

सचिवांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं. मी मसुदा उघडून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे त्यांना माहीत आहे. वेल काढली त्याच दिवशी मास्तर येऊन सांगून गेला होता. सह्यांना अजून चाळीस दिवस होते. एक पान पुन्हा लिहायला एक दिवस पुरला असता. विषय वर गेला. वरच्यांनी विचार केला आणि म्हणाले, असू दे, असंच बरं आहे. दोघातिघा सदस्यांनी विचारलं की ती ओळ कुठे गेली, त्यांना सांगितलं की शेवटच्या बैठकीत वगळली. मास्तर ऐकेना, म्हणून त्याला घरी बसवला.

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा मोकळा श्वास आला. म्हणजे चूक माझी नव्हतीच. तो धोरणात्मक निर्णय होता, माझ्या हातून फक्त झाला. चार महिने उगाच जिवाला लावून घेतलं.

सचिव म्हणाले, तो मसुदा सरकारी आहे. शेवटचाच राहिलाय. मी लगेच देऊन टाकला. त्यांनी रीतसर पोचही दिली. आम्ही हात मिळवले. जिन्यावरून उतरताना मी चक्क शीळ घालत होतो.

घरी आलो तर बायको दारातच उभी. पायात चपला, हातात पिशवी. पिशवीत त्याचे कपडे आणि टॉवेल. भेटायला सोडतील म्हणून भरलेली. कुठे ठेवलाय त्याला, असं तिने विचारलं.

ते विचारायचं राहूनच गेलं.