धबधब्याला हाक

वनरक्षक चौकी
४ मे

ती. आयव्ही आजीस,
लियोनीचा सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला टेकून नर्सबाईंना अजून पत्त्यांत हरवतेस का?

आपली वाट तयार झाली! हातांच्या ठशांच्या कातळापासून धबधब्यापर्यंत अगदी सपाट, बाबागाडीसुद्धा जाईल. शनिवारी पाहुणे येणार आहेत. पण तुझी यंत्राची पाळी नेमकी शनिवारीच. क्लॅरीमामाने बजावलंय की पाण्यातल्या पूर्वजांना हाक मारून नव्या माणसांची ओळख करून दिल्याशिवाय कातळापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि ती हाक आपल्याच घरातल्या बाईची हवी. मी पदवी घेऊन आले, पण आपल्या भाषेतली चार वाक्यंही मला धड येत नाहीत.

म्हणून मी एक उपाय काढलाय. तुझी हाक ध्वनिमुद्रित करायची आणि वाटेवर खांबाला बटण बसवायचं. पाहुण्याने दाबलं की तुझाच आवाज! वर्षानुवर्षं टिकेल. खांब उभाही केलाय. मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कधी येऊ, ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लियोनी

*

शहरातून
७ मे

चि. लियोनीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मावशीला वाचून दाखवलं. हसता हसता तिच्या हातचा चहा सांडला.

वर्षानुवर्षं टिकेल म्हणतेस. मी टिकणार आहे का गं? आपल्यात माणूस गेल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो झाकायचे, आवाज ऐकायचा नाही, हे त्या पदवीच्या काळ्या झग्याबरोबर परत करून आलीस वाटतं! तुझ्या आजोबांच्या गाण्याच्या कॅसेटी मी अजून ट्रंकेतून काढलेल्या नाहीत. मी गेले की तुझं बटण उपटावं लागेल आणि धबधबा मुका होईल. शिवाय पूर्वज काय म्हणतील? रोज तेच शब्द, आणि आलंय कोण त्याचा पत्ता नाही. उठून माझ्याच कानाखाली वाजवतील.

हाक तू मार. चार वाक्यं पुष्कळ झाली. मला पहिल्यांदा तीनच येत होती. आपली भाषा बोललं की मिशनच्या शाळेत साबणाने आमची तोंडं धुवायचे. माझी आई म्हणायची, चुकलेलं बोलणं पाणी सांभाळून घेतं, न बोललेलं नाही. तुला जमणार नसेल तर वाट बंद ठेव. पण माझ्या आवाजामागे लपू नकोस.

रागावले नाहीये. जेवत जा.
तुझी आजी

*

वनरक्षक चौकी
११ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

काल हाक मारली.

कातळावरच्या हातांच्या ठशांपाशी सगळ्यांना थांबवलं. पहिल्या हाकेला आवाजच फुटला नाही, दुसरी मारली तशी पाखरं उडाली. मग प्रत्येकाचं नाव विचारून पाण्याला सांगितलं: शाळामास्तर, त्यांची बायको, बाबागाडीतलं तान्हं, मोठ्या टोपीचे एक आजोबा. तिसरं वाक्य नक्की चुकलं, कारण क्लॅरीमामा खोकला. तरी कातळाशेजारच्या ओढ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन एकेकाच्या डोक्याला लावलं. तान्हं खुदकन हसलं.

मी वळणार, तोच मामा मागून ओरडला की सगळ्या जगाची ओळख करून दिलीस, पण बाई, तू कोण ते सांगशील की नाही? सगळे हसले. आजी, मी स्वतःलाच विसरले होते. मग पुन्हा पाण्याकडे तोंड केलं आणि म्हटलं की मी लियोनी, आयव्हीची नात.

बटणाच्या खांबावर मामा आता आपली टोपी अडकवतो.

परतताना सगळे पुढे गेल्यावर मी जरा मागे राहिले. तू आहेस तोवर तुझं नाव मोठ्याने घेता येतं ना, म्हणून पुन्हा एकदा घेतलं. कातळावरून ते परत आलं.

पुढच्या पत्रात तिसरं वाक्य लिहून पाठव, आणि माझ्यावर जीव ठेव.
तुझीच नात,
लियोनी