साउंडचा ड्रायव्हर

बाबा, तुमच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला. कॉम्प्युटर चालू आहे, पडदा उजळतो, माउस हलतो, हे मी त्याच्यावरच टाइप करते आहे. पण आवाज नाही. खालच्या कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर लाल फुली येऊन बसली आहे. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "काई नाई, साउंडचा ड्रायव्हर उडाला असन." आणि मला लगेच बरं वाटलं असतं. आता असं म्हणणारं कोणी नाही, आणि ड्रायव्हरही मिळत नाही.

पुलगावचं रोजचं अपडाऊन संपलं, तुम्ही रिटायर झालात आणि बोरगावच्या या घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा आईने त्याचं नाव सवत ठेवलं होतं. चुकीचं काही नव्हतं तिचं. रविवारी अंघोळ झाली की तुम्ही त्याच्यापुढे बसायचे. सीपीयूची बाजू उघडून रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ झाडायची, मग अपडेट आहेत का बघायचं, मग एकेक ड्रायव्हर तपासायचा. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे वळवून द्यायचे आणि आम्ही दोघी पदराने वारा घेत बसायचो. "मानसं भाजून राह्यली अन् मशीनले हवा!" आई ओरडायची. मी एकदा विचारलं, हा ड्रायव्हर म्हणजे असतो तरी काय? तर म्हणालात, "बस उभी हाय, डिझेल हाय, पन चालवनारा नसन तं बस डेपोतच राह्यते. तसं." आणि वर मलाच दटावलंत, "अपडेट लांबवत नको जाऊ कधी. साचले का मंग आवरत नाईत." मी तेव्हा हसले होते.

आणि संध्याकाळ. तुम्ही फिरून येता, चपला काढता, खोलीत जाऊन खट्कन बटण दाबता. पंखा घरघरतो, थोडा वेळ काहीच होत नाही, मग ती धून वाजते, चालू होतानाची, चारपाच सुरांची. इकडे आई चहा मांडते. हाक नाही, विचारणं नाही. धून वाजली म्हणजे तुम्ही घरात आलात, खुर्चीवर बसलात, एवढं तिला पुरत होतं. ती कप घेऊन यायची आणि नेमकं काहीतरी गोल गोल फिरत असायचं. तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, "अपडेट चालू हाय, थांब जराशी." ती कपावर बशी झाकायची आणि सवतीला दोन शब्द ऐकवून निघून जायची. पण तुमचं होईपर्यंत स्वतः जेवायची नाही. कितीदा भाकरी गार झाल्या असतील या घरात!

तुम्ही गेल्यावर मी ते सगळं तसंच चालू ठेवलं. ब्रश, रविवार, अपडेट. ऑफिसातून आले की मी बटण दाबायचे, धून वाजायची आणि आई चहा मांडायची. सुरुवातीला तिला ठाऊक होतं की हे आता आपल्या दोघींसाठी आहे. मग वर्षं गेली आणि तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. शेजारणींची नावं गेली, मिठाचा डबा गेला, एके दिवशी मलाच विचारलं, "तू कोनाची व पोरगी?" पण धून वाजली की ही बाई उठायची, गॅस पेटवायची, मोजून आलं किसायची. कप आणून तुमच्या कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवायची, माझ्याकडे न बघता. तुम्ही कुठे आहात हे तिने एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिच्या लेखी तुम्ही या खोलीत होतात. तो चहा मी पीत होते आणि गप्प बसत होते.

मग पडद्यावर रोज यायला लागलं की ही सिस्टीम आता जुनी झाली, हिला पुढे अपडेट मिळणार नाहीत, नवीन टाका. बँकेची साइट उघडेना. मी तुमचीच लेक, लांबवलं नाही. एका रविवारी सकाळी बसले आणि दुपारपर्यंत नवीन सिस्टीम टाकून मोकळी झाले. केवढी खूश होते मी! एवढी जुनी मशीन आणि नवी सिस्टीम घेतली तिने. आवाज येत नव्हता, पण म्हटलं, येईल, बघू नंतर. त्या संध्याकाळी चहा आला नाही. आई दारात येऊन उभी राहिली. "तुहे बाबा कुठी गेले व? अजून आले नाईत?"

मी खरं सांगितलं. काय करणार होते? ती तिथेच भुईवर बसली आणि तुम्ही आजच गेलात अशी रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझी आई दर संध्याकाळी नव्याने विधवा होते आहे, बाबा, आणि ती बातमी तिला रोज मी देते. धुनीचं आणि या प्रश्नाचं नातं आहे हे माझ्या मंद डोक्यात शिरायलाच बरेच दिवस गेले. तोवर जुन्या सिस्टीमवर परत जायची मुदत संपली होती.

तुमच्या सीडी काढल्या. साउंडच्या सीडीवर तुम्ही पेनाने लिहिलं आहे, 'हे आधी टाकणे'. टाकलं. या सिस्टीमला चालत नाही म्हणे. ज्या कंपनीचं ते आतलं साउंडचं कार्ड, तिची साइटच उरलेली नाही. वर्ध्याहून एका दुकानदाराला बोलावलं. त्याने आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याचा ड्रायव्हर आता कोनी बनवतच नाई. नवीन घेऊन टाका न." शेवटी मी तीच जुनी धून शोधून मोबाईलवर उतरवली, मोबाईल तुमच्या स्पीकरला जोडला, बटण दाबून पंखा घरघरू दिला आणि मग वाजवली. अगदी तशीच वाजली. आई आतून म्हणाली, "अवं, तुहा मोबाईल वाजून राह्यला." तेवढ्या गप्प दिवसांत तिच्या डोक्यातून ती धूनही निघून गेली होती. आता सोन्याचा ड्रायव्हर आणला तरी उपयोग नाही. हे मला कळतं, तरी रोज रात्री शोधत बसते, मूर्खासारखी.

आज ती पुन्हा दारात आली. तेच विचारलं. मी तोंड उघडलं आणि रोजचं वाक्य बाहेर पडेचना. म्हणाले, "अपडेट चालू हाय, थांब जराशी."

तिने पडद्याकडे पाहिलं. "मेली सवत," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने कप घेऊन आली, डाव्या बाजूला ठेवला, वर बशी झाकली. "झालं का सांगजो त्याईले. थंडा होईन." किती दिवसांनी ती रडली नाही. मला वाटलं, सुटले.

कुठची सुटते! मी ताट वाढून हाक मारली तर येईना. स्वयंपाकघरात पाटावर बसली आहे. "त्याईचं होऊ दे. मंग जेवतो आमी." दोनदा समजावलं, एकदा ओरडले. हलत नाही. उद्या पुन्हा हेच सांगायचं की ते, मला माहीत नाही. एकाने ती रडते, दुसऱ्याने उपाशी राहते.

हे सेव्ह करणार नाही, बंद करून टाकीन. एवढंच सांगायचं होतं की चहा केव्हाचा गार झाला असेल, पण कपावरची बशी मीही अजून उचललेली नाही.