वरच्या रांगेतला आवाज

प्रिय शेली,

शुक्रवारपासून तू माझा फोन उचलत नाहीयेस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. राग उतरावा म्हणून आधी भांडी घासली, मग ओटा घासला, तरी उतरलेला नाही. तेव्हा हे पत्र रागासकट वाच.

येत्या सोमवारी शाळेचं मंडळ तुझ्या नवऱ्याला, कर्टला, फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून ठेवायचं की काढायचं ते ठरवणार म्हणे. ठरवणारे कोण, तर ज्यांनी जन्मात कधी पोरांची बस चालवली नाही की चिखलाने भरलेल्या जर्सी धुतल्या नाहीत. कर्ट हे सगळं करतो, वर इतिहास शिकवतो. आणि गावाला दिसतं काय, तर यंदा सामने हरले. अरे, सगळी दांडगी पोरं शाळा संपवून गेली, ती काय कर्टने गिळली?

मला हे नवं नाही. तुझे बाबा प्रशिक्षक, त्यांच्याबरोबर नेब्रास्कातली चार गावं केली मी. जिंकलो की चर्चच्या दारात पाठ थोपटायला रांग, आणि लागोपाठ दोनदा हरलो की किराणा दुकानात हीच माणसं नजर चुकवून पिठाच्या पिशव्या न्याहाळत उभी. तू तिसरीत असताना कुणीतरी आपल्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून गेलं होतं. तुला ते खरं वाटलं. बाहुल्या खोक्यात भरून तू पायरीवर बसून राहिलीस. मैदानावर मागून शिव्या यायच्या तेव्हा मी तुझी लोकरी टोपी कानांवर ओढायचे आणि सांगायचे, मागे वळून बघायचं नाही. कोण बोललं ते कळलं, की उद्या त्याच्याशी हसून बोलता येत नाही. प्रशिक्षकांच्या बायकांची हीच रीत होती.

मग इथल्या मंडळाने बाबांना काढलं आणि जागा त्यांच्याच हाताखालच्या कर्टला दिली. तो घेत नव्हता. "घे रे पोरा, परक्याला जाण्यापेक्षा तूच घे," असं तेच म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते! मी मात्र त्यानंतर प्रेक्षकांत बसणं सोडलं. खाली टपरीवर खिमा-घेवड्याची गरम चिली आणि दालचिनीचे रोल विकणं मला बरं वाटायचं. शुक्रवारी शेवटच्या सामन्याला चिली लवकर संपली, म्हणून वर येऊन तुझ्याशेजारी बसले.

आपल्या पोरांचा चौथा, शेवटचा प्रयत्न होता आणि चेंडू आपल्याकडे राहायला आणखी एकच यार्ड पुढे सरकायला हवं होतं. कर्टने चेंडू लाथेने लांब उडवायला न लावता त्यांना तो हातात घेऊन समोरच्यांत घुसायला सांगितलं. नाही जमलं, चेंडू समोरच्यांकडे गेला. तेवढ्यात सगळ्यात वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे गाढवा! तुझ्या आजीलाही कळलं असतं, लाथ मारायची होती ती!" सगळे खिदळले. आवाज ओळखीचा होता, पण विश्वास बसेना. तू माझा हात घट्ट धरलास. "आई, नको वळूस." मी वळले.

तुझा बाप! टोपी मागे सरकवून, दोन्ही हात तोंडाशी धरून.

आणि तुला जराही धक्का बसला नव्हता. म्हणजे सप्टेंबरात सामने सुरू झाल्यापासून तू हे ऐकते आहेस. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन त्याच माणसापुढे बटाट्याचं भांडं सरकवते आहेस, आणि कर्ट जाताना त्याच्याच गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून देतो आहे. शेली, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

घरी आल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. तर म्हणतात कसे, "तीस वर्षं मी ऐकून घेतलं, लॅव्होन. आता मी तिकीट काढून बसतो. त्यालाच काय सोनं लागलंय?" हे वर तोंड करून! आणि काल आणखी कळलं. मंडळाच्या अध्यक्षाने त्यांना सोमवारी 'अनुभवी माणूस म्हणून चार शब्द' बोलायला बोलावलंय, आणि हे हो म्हणून बसलेत.

म्हणून लिहितेय. चार शब्द मीही बोलणार आहे. शाळेत जाऊन नाव देऊन आले. मग घरी येऊन त्यांना विचारलं, "ड्वेन, तुला काढलं त्या सभेत तुझ्या बाजूने कोण उभं राहिलं होतं?" कुणीच नाही. रीत म्हणून मीसुद्धा घरी बसले होते. "आणि बाहेर थंडीत, तुला घरी आणायला गाडी सुरू ठेवून कोण थांबलं होतं?" कर्ट. तेव्हापासून ते गॅरेजमध्ये बसून आहेत. बसू देत. सोमवारी येतील की नाही, आले तर काय बोलतील, मला माहीत नाही. तू मात्र कर्टला घेऊन ये आणि अगदी पुढे बस. मला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नाही, बोलताना तुझं तोंड समोर दिसलं पाहिजे.

तुझीच,
आई